सोलर लावायचं म्हणता? आधी बिल काढा, मग छतावर चढा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या छतावर चार पॅनल चढले, तेव्हापासून गावातला कुणी ना कुणी रोज ओट्यावर येऊन बसतो. प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, बिल झीरो येते का?" बरं, पॅनल नवीन होते तेव्हा एक दिवस भरदुपारी लाईन गेली आणि आमचाही पंखा थांबला. शेजारच्या काकांनी हाक मारून विचारलं, "अबे, लाईन गेली का तुमचं सोलर बी जाते! मंग काय कामाचं थे?"

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दोन्हींची उत्तरं पॅनल विकणारा नीट देत नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला, शेती करतो आणि थोडंफार वायरिंगही जाणतो. स्वतःच्या घरी लावताना ज्या चुका केल्या आणि ज्या टाळल्या, त्या इथे क्रमाने लिहितो.

आपल्या विदर्भाची एक गंमत आहे. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटं २,९२० मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा आणि पारस इथली केंद्रं वेगळी. साऱ्या महाराष्ट्राला पुरवायची वीज आपल्या उशाशी तयार होते, कोळशाची राख आपल्या अंगणात पडते, आणि संध्याकाळी डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की आपण कंदिलाची काच पुसत बसतो. सोलरबद्दल आपल्याकडे जी ओढ आहे तिच्यात बिलाइतकाच हा रागही आहे. पण खरेदी रागाच्या भरात करू नका. ती कागद-पेन घेऊन करा.

पहिलं काम: बिल वाचणं

वर्षभराची बिलं काढा. हरवली असतील तर चालू बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, महावितरणच्या ॲपवरही दिसतात. बारा महिन्यांचे युनिट एका ओळीत लिहा. रुपये लिहू नका, फक्त युनिट.

आमच्या घरी दोन भावांचा एकत्र संसार. हिवाळ्यात दीडशेच्या आसपास युनिट जायचे, मे महिन्यात चारशेच्या वर. तुमच्याकडेही असंच दिसेल, कारण आपल्याकडे वर्षाचं बिल उन्हाळ्यातल्या कूलरवर ठरतं.

आता दर बघा. घरगुती दराचे टप्पे आहेत: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या शंभरानंतरच्या युनिटचा दर आधीच्या दुपटीहून जास्त असतो आणि तीनशेनंतर तो आणखी चढतो. म्हणजे चारशे युनिट जाळणाऱ्या घराने शंभर युनिट वाचवले तर ते सगळ्यात महागडे शंभर वाचतात. त्याशिवाय बिलात वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क आणि स्थिर आकार असतो. यातला स्थिर आकार सोलर लावल्यावरही भरावाच लागतो. म्हणून ओट्यावरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: झीरो येत नाही, पण झीरोच्या जवळ येतं.

दुसरं काम: आधी गळती बंद करा

बादलीला भोक असताना विहीर खोल करून उपयोग नाही. दीड-दोन लाखांचं सोलर लावण्याआधी पाच-दहा हजारांत काय वाचतं ते पाहा. त्यामुळे सोलरही लहान लागतं.

सुरुवात पंख्यापासून करा. जुना पंखा ७५ ते ८० वॅट खातो. दिवसाचे १२ तास धरले तर महिन्याला २७ युनिट, आणि घरात पाच पंखे असतील तर १३५. बीएलडीसी नावाचा पंखा तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो, म्हणजे तेच पाच पंखे ५० ते ६३ युनिटांत भागतात. किंमत जास्त आहे, अडीच-तीन हजारांपासून पुढे. पण माझ्या मते खेड्यात याचा खरा फायदा वेगळाच आहे. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की व्होल्टेज पडतं आणि जुना पंखा 'घर्र घर्र' करत हळू फिरतो. बीएलडीसी कमी व्होल्टेजवरही त्याच वेगाने फिरतो, आणि इन्व्हर्टरची बॅटरी दुप्पट वेळ टिकते. एकदम पाच घेऊ नका, आधी ज्या खोलीत झोपता तिथला बदला. आणि त्याला जुना रेग्युलेटर जोडू नका, पंखा बिघडतो. जुने पंखे ठेवायचेच असतील तर भिंतीवरचा तो मोठा, गरम होणारा डबा-रेग्युलेटर तरी काढून टाका. पंखा हळू केला तरी तो फारशी वीज वाचवत नाही, नुसती उष्णता करतो.

मग कूलर. याच्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे कूलरला घरातला माणूस मानतात. मोठ्या लोखंडी कूलरची जुनी मोटर दोनशे वॅटच्या आसपास खाते. तीनदा रीवाइंड केलेली असेल तर त्याहून जास्त. रात्री-दुपारी मिळून १२ तास चालला तर एक कूलर महिन्याला ७० युनिटच्या वर जातो, आणि आमच्याकडे दोन. मोटर बदलली, बेअरिंगला तेल दिलं, ताट्या (कूलरच्या बाजूच्या गवती जाळ्या) दर वर्षी नव्या बसवल्या आणि पंप साफ ठेवला तर हा आकडा बराच खाली येतो. ताटीवर क्षार चढून ती दगडासारखी झाली की हवा ओढायला मोटरला जोर करावा लागतो. आणि एक गोष्ट घरच्यांना पटवायला मला दोन उन्हाळे गेले: कूलर खोलीबाहेर, खिडकीला हवा आणि समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात हवा दमट होते, अंग चिकचिक करतं, मग माणूस स्पीड वाढवतो.

कूलरचं काम कमी करायचं असेल तर छत थंड करा. स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारा, चुन्यात थोडा फेविकॉल मिसळला की तो पावसापर्यंत टिकतो. टिनाचं घर असेल तर खालून तट्ट्यांचं किंवा बांबूच्या चटईचं छत करा. कवेलूच्या (कौलारू) घरात राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांचं घर मुळातच शहाणं आहे.

बाकी किरकोळ: सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून चालूच असतो. १० वॅट धरले तरी चोवीस तासांनी महिन्याला ७ युनिट. भिंतीवरचं बटण बंद करा. फ्रिज भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, चुलीच्या खोलीत तर ठेवूच नका. नवा घेणार असाल तर तारे मोजण्यापेक्षा लेबलवर वर्षाचे किती युनिट लिहिलेत ते वाचा. बोअरची १ एचपी मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. टाकी भरून नालीत पाणी वाहत असेल तर युनिटही वाहतंय असं समजा. एलईडीबद्दल सांगत नाही, पिवळा बल्ब आता देवघरातही राहिला नाही.

एवढं केल्यावर आमचा मे महिना चारशेवरून अडीचशेच्या आसपास आला. पॅनलचा एक तुकडाही छतावर चढलेला नव्हता.

तिसरं काम: वही घेऊन लाईन मोजा

हे काम कुणी सांगत नाही, पण खेड्यात तेच निर्णायक आहे. पंधरा दिवस वहीत लिहा: लाईन किती वाजता गेली, किती वाजता आली. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी.

कारण असं. सोलर तीन प्रकारचं असतं. पहिलं ऑनग्रिड: पॅनल, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा) आणि थेट महावितरणची तार, बॅटरी नाही. हे सगळ्यात स्वस्त आणि अनुदान मिळणाऱ्यांपैकी बहुतेक लोक हेच लावतात. पण लाईन गेली की हे बंद पडतं, ऊन कितीही असो. शेजारच्या काकांना तेव्हा मी समजावलं: डीपी बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो आणि तुमच्या छतावरची वीज तारेत उलटी गेली तर तो जीवाला मुकेल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तो बिघाड नाही, ती सोय आहे. गावातला कुणी हुशार इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मी जुगाड करून देतो, घरच्या इन्व्हर्टरवर चालवतो," तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसरं हायब्रिड: त्यात बॅटरी असते, लाईन गेली तरी घर चालतं आणि जास्तीची वीज तारेतही जाते. अनुदान पॅनलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च आपला. तिसरं ऑफग्रिड: महावितरणशी संबंधच नाही, सगळं पॅनल-बॅटरीवर.

आता वही उघडा. दिवसा लाईन एक-दोन तास जात असेल तर ऑनग्रिड लावा आणि घरात आधीच असलेला साधा इन्व्हर्टर-बॅटरी संच रात्रीसाठी राहू द्या. दिवसा चार-पाच तास जात असेल तर ऑनग्रिडचं दोन बाजूंनी नुकसान होतं: तेवढा वेळ घरही बंद आणि पॅनलची कमाईही बंद. तिथे हायब्रिडचा विचार करा. बॅटरी लिथियमची घेतली तर महाग, पण जास्त वर्षं टिकते. शिशाच्या १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करत राहिलात तर दोन-तीन वर्षांत जाते.

आणि घर वावरात असेल, शेतीच्या फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या लाईनवर), तर गोष्टच वेगळी. गावठाण फीडर आणि शेतीचा फीडर वेगळा असतो. शेतीच्या फीडरला ठरावीक तासच वीज असते, त्यातही अनेक ठिकाणी एक आठवडा दिवसा तर पुढचा रात्री. तिथल्या झोपडीला किंवा जागलीच्या खोलीला लहान ऑफग्रिड पुरतं: एक-दोन पॅनल, एक बॅटरी, दोन दिवे, एक बीएलडीसी पंखा, मोबाइल चार्जिंग. रानडुकरांसाठी कुंपणाला लावायच्या झटका मशीनचंही त्यातच भागतं.

एक गैरसमज इथेच मिटवतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना विहिरीवरच्या पंपासाठी आहे. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. घरच्या छताची योजना वेगळी, अर्ज वेगळा. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही. तलाठी कार्यालयात याच्यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

चौथं काम: किती मोठं लावायचं

१ किलोवॅट म्हणजे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट, महिन्याला १२० च्या आसपास. छतावर त्याला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. आषाढ-श्रावणात झडी लागली की उत्पादन निम्म्यावर येतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उत्तम असतं.

लोकांना वाटतं मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज बनत असेल. ऊन भरपूर असतं खरं, पण पॅनलला उजेड लागतो, उष्णता त्याला सोसत नाही. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते. आपल्याकडे ४५ अंशांत पॅनलची पाठ ६५-७० अंशांवर जाते, म्हणजे छापील आकड्याचा सातवा-आठवा हिस्सा असाच जातो. त्यामुळे पॅनल स्लॅबला किंवा टिनाला चिकटवून बसवू देऊ नका. खालून वारा खेळायला जागा हवी.

आता पैशाचा भाग. 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ ला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठं लावा, अनुदान ७८,००० च. वापर महिन्याला १०० युनिटच्या आत असेल तर राज्याच्या 'स्मार्ट' योजनेत त्यावर आणखी मदत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १ किलोवॅटसाठी राज्याचे १७,५०० मिळतात आणि खिशातून थोडेच जातात. घरकुलवाल्यांनी हे आधी विचारावं.

आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने बिल न बघताच सांगितलं, "भाऊ, ३ चं टाका, सबसिडी फुल मिळते." मी वही काढली. पंखे-कूलर सुधारल्यावर आमचा वर्षाचा वापर दोन हजार युनिटच्या थोडा वर. २ किलोवॅट धूळ आणि लाईनचे खंड धरूनही वर्षाला अडीच हजार देतं. मग तिसऱ्या किलोवॅटचं काय करायचं?

तुम्ही म्हणाल, जास्तीची वीज विकायची. इथे नेट मीटर समजून घ्या. दिवसा पॅनलची उरलेली वीज तारेत जाते आणि तुमच्या खात्यावर जमा होते, रात्री तुम्ही तारेतून घेता, महिन्याअखेर वजाबाकी होते. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात. पण हा हिशोब ३१ मार्चला बंद होतो. तेव्हा शिल्लक असलेले युनिट महावितरण फार कमी दराने घेतं आणि १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावरून सुरू होतं. आता आपल्या पंचांगाशी हे जुळवून बघा. दिवाळी ते होळी आपला वापर कमी, युनिट साठत जातात. कूलर बाहेर काढायची वेळ आली की साठा पुसला जातो! हिवाळ्याचं धान्य उन्हाळ्यासाठी कोठीत ठेवता येत नाही. म्हणून उन्हाळ्याचं बिल झीरो करायच्या नादात मोठं सोलर घेऊ नका. एप्रिल-मेचं थोडं बिल भरा, ते स्वस्त पडतं. आम्ही २ वर थांबलो, ५४० वॅटचे चार पॅनल.

पाचवं काम: छत बघणं

स्लॅब असेल तर प्रश्न कमी. टिनाचं असेल तर खालचे पाईप आणि कैची किती जाड आहे ते बघा. मृगाआधीच्या वादळात ज्या घराचे टिन दरवर्षी उडतात, त्या घरावर पॅनल म्हणजे वाऱ्याला शीड लावून देणं. कवेलूच्या छतावर बसवू नका. सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) किंवा कोठ्याशेजारी (गोठ्याशेजारी) लोखंडी मांडव करून त्यावर बसवा, खाली कुटार (गुरांचा चारा) ठेवायला सावली होते.

तोंड दक्षिणेला, उतार २० अंशांच्या आसपास. नागपूरचा अक्षांश २१ आहे, म्हणून हा हिशोब.

सावली मात्र उन्हाळ्यात बघू नका. मे अखेरीस सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा कशाचीच सावली पडत नाही आणि छत मोकळं वाटतं. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भरदुपारीही १० फुटांच्या टाकीची सावली १० फूट उत्तरेला पडते. मी एप्रिलमध्ये जागा ठरवली आणि पुढच्या पौषात पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर येऊन बसली. एका पॅनलवर सावली पडली की त्याच्यासोबत जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडतं. शेवटी टाकी हलवली, पंधराशे रुपये आणि एक दिवस गेला. तुमचं काम हिवाळ्यात होत असेल तर सकाळी ९ ते दुपारी ३ छतावर फेऱ्या मारून खडूने सावल्या आखा.

सहावं काम: कागद

माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले. मीटर आमच्या आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, बिल मात्र त्यांच्याच नावाने येत राहिलं आणि आम्ही भरत राहिलो. विदर्भातल्या अर्ध्या घरांची हीच कथा. अर्ज, वीजबिल, बँक खातं सगळं एकाच नावावर हवं, नाहीतर अनुदान अडकतं. म्हणून सोलरचा विचार डोक्यात आला त्या दिवशीच मीटरच्या नावबदलाचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराचा नमुना ८ हाताशी ठेवा. थकबाकी असेल तर ती भरून टाका.

मग सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी. राज्य, महावितरण, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मोबाइल. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही आणि मंजूर भार कमी असेल तर तो वाढवण्याची वेगळी खटपटही नाही. त्यानंतर पोर्टलवर नोंदलेल्या पुरवठादारांपैकी एक निवडायचा. नोंद नसलेल्याकडून बसवलं तर अनुदान नाही. मोबाइलवर "मोफत सोलर, फक्त नोंदणी फी भरा" असा निरोप आला तर तो पुसून टाका. नोंदणीला फी नसते.

कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका तारणाशिवाय आणि कमी व्याजाने देतात. शेतीचं पीककर्ज थकलेलं असेल तर बँकेत आधी तोंडी विचारा, उगाच हेलपाटे नकोत.

सातवं काम: पुरवठादाराला काय विचारायचं

तीन जणांकडून लेखी भाव घ्या. अनुदानासाठी पॅनल देशी बनावटीच्या सेलचे हवेत, त्यांना डीसीआर म्हणतात. बाहेरचे पॅनल स्वस्त असतात, त्यामुळे भाव फारच कमी आला तर हे आधी विचारा. पॅनलवर सहसा २५ वर्षांची उत्पादनाची हमी असते, इन्व्हर्टरवर बहुधा ५ ते १०. योजनेप्रमाणे ५ वर्षं देखभाल पुरवठादाराने करायची आहे, ते करारात लिहून घ्या. सगळे पैसे आधी देऊ नका. माल छतावर आल्यावर एक हप्ता, मीटर लागल्यावर शेवटचा. माझ्या ओळखीतल्या एकाने पूर्ण रक्कम आधी दिली, पॅनल बसले, पण नेट मीटरच्या कागदासाठी तो माणूस चार महिने फोन उचलेना. तोवर ऐन उन्हातले पॅनल नुसते शोभेला.

सांगाडा गरम जस्ताच्या मुलाम्याचा हवा, नुसता रंग मारलेला दुसऱ्या पावसात गंजतो. इन्व्हर्टर सावलीत आणि हवेशीर भिंतीवर हवा. आमच्याकडे जिन्याखाली बसवला. पश्चिमेच्या भिंतीवर उघडा बसवलेला इन्व्हर्टर मे महिन्यात तापून स्वतःहून उत्पादन कमी करतो.

अर्थिंगवर उभं राहून लक्ष द्या. पॅनलचं, इन्व्हर्टरचं आणि वीजरोधकाचं अशी तीन वेगळी अर्थिंग हवीत. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज पडते ती काय प्रकरण आहे हे शेतात काम करणाऱ्याला सांगायला नको. काळ्या मातीत एक अडचण आहे: ओली असताना ती उत्तम अर्थिंग देते, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि सळई सुटी पडते. नेमका तेव्हाच वळीव येतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून आठवड्याला बादलीभर पाणी टाका.

पॅनल बसले, पुरवठादाराने कागद अपलोड केले की महावितरणचा माणूस येऊन बघतो, नेट मीटर लागतो, पोर्टलवर कार्यान्वयन अहवाल दिसतो. मग बँक खात्याचा तपशील भरायचा. अनुदान थेट खात्यात येतं. पूर्ण किंमत आधी आपणच भरायची असते, हे विसरून काही जण अडचणीत येतात.

लावल्यानंतर

पहिल्या महिन्याचं बिल स्वतः तपासा. त्यात तारेतून घेतलेले आणि तारेत दिलेले युनिट वेगळे दिसायला हवेत. आमच्या पहिल्या बिलात दिलेले युनिट शून्य होते, मीटर बदलल्याची नोंद झाली नव्हती. मीटरच्या पडद्याचा फोटो तारखेसह काढून ठेवला होता म्हणून दुरुस्ती लवकर झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला असा फोटो काढायची सवय लावा.

धुणं पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात गरज नाही. सोयाबीन काढणीला थ्रेशर चालू झाले की मात्र आठवड्याला धुवा, भुसा काचेवर चिकटून बसतो. कोळसा खाणींच्या वणी-घुग्घुसकडचे लोक सांगतात की त्यांच्याकडे काळी धूळ चार दिवसांत थर धरते. धुवायचं पहाटे किंवा सूर्य उगवताना. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका. निरमा, राख, घासणी काही नको. मऊ फडकं आणि लांब दांड्याचा रबरी वायपर पुरे.

बहिणीच्या सासरी, दर्यापूरकडे, वेगळाच त्रास झाला. ते खारपाणपट्ट्यात येतात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या पाण्याने पॅनल धुतले आणि वाळल्यावर काचेवर पांढरे डाग, कूलरच्या ताटीवर दिसतात तसेच. दोन महिन्यांत काच धुरकट झाली. आता ती माणसं पिण्यासाठी भरून ठेवलेल्या पावसाच्या पाण्यातली एक बादली यासाठी राखतात आणि पुसून लगेच कोरडं करतात. पूर्णाकाठच्या गावांनी हे लक्षात ठेवा.

गारपिटीची भीती सगळ्यांना असते. पॅनलची काच कडक केलेली असते आणि २५ मिलिमीटरच्या गारेचा मारा सोसते की नाही हे तपासूनच ती विकली जाते. त्याहून मोठी गार पडली तर कशाचीच खात्री नाही, म्हणून विम्याचा भाव एकदा विचारून ठेवा. माकडं मात्र रोजची. टोळी आली की पॅनलवरून घसरगुंडी खेळते. काच सहसा फुटत नाही, पण खालच्या वायरी ओढतात. आम्ही सगळ्या वायरी पाईपमध्ये घालून घेतल्या, आणि छतावर कैऱ्या वाळत घालणं आईने बंद केलं. तेव्हापासून माकडं शेजारच्या काकांच्या टिनावर जातात. त्यांचा परवा नवा प्रश्न आला: सोलर लावलं तर माकडं कमी होतात का?